मामांच्या नावाची घंटा

मेलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण धोतराच्या सोग्यानं चष्म्याच्या काचा पुसणारा मेलेला माणूस एकदाच पाहिला. तोही रविवारी सकाळी, धारवाडातल्या मिशनच्या देवळात, माझ्यापासून चार बाक पुढं. ते माझे मामा. त्यांना मी सलग नऊ वर्षं तिळाचं पाणी देत आलो होतो, त्यामुळे ते मेलेले आहेत याची माझ्याइतकी खात्री साऱ्या मुंबई इलाख्यात दुसऱ्या कुणाला नसेल.

आधी ते मेले कसे, ते सांगायला हवं.

आईचं माहेर अळणावरकडचं. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, इतके कडक की ते नुसते स्वैपाकघराच्या दारात उभे राहिले तरी उतू जाणारं दूध पातेल्यात परत जायचं. मामा त्यांचा एकुलता मुलगा, आईहून दहा वर्षांनी मोठा. धारवाडला शिकायला आले आणि विसाव्या वर्षी बाटले. ते सांगायला घरी गेले. मामांच्या उजव्या कानात वरच्या बाजूला भिकबाळी होती. ती आजोबांनी दोन बोटांत धरली आणि फासा न सोडवता तशीच ओढून घेतली. कान चिरला. मग घटस्फोट केला. नवरा-बायकोचा नव्हे, हा जुन्या शास्त्रातला. धर्म सोडून गेलेल्याच्या नावानं अंगणात पाण्यानं भरलेली घागर ठेवायची, मोलकरणीकडून ती लाथेनं कलंडवायची, पाणी दक्षिणेकडे वाहून गेलं की तो माणूस घराला मेला. आई तेव्हा दहा वर्षांची होती. ती सांगायची, पाणी सरताना घागरीनं घोट गिळल्यासारखा आवाज केला, आणि तो आवाज अण्णाच्या, म्हणजे मामांच्या, गळ्यातला होता.

पुढच्याच वर्षी प्लेग आला. आजोबांनी घरात सांगून टाकलं की तो हुबळीत होता, प्लेगनं गेला. प्लेगच्या साली कोण कशानं गेला याचा दाखला कुणी मागत नसे. गावंच्या गावं माळावर झोपड्या घालून राहत होती.

बाटलेल्याला श्राद्ध नाही, असं शास्त्र सांगतं. आईनं ते शास्त्र आजोबा जिवंत असेपर्यंत पाळलं. ते गेल्यावर मार्गशीर्षातली एक तिथी तिनं आपली आपणच ठरवली, आणि दरवर्षी त्या दिवशी आधी माझ्या वडलांकडून आणि वडलांच्या माघारी माझ्याकडून भावाला पाणी देववू लागली. भटजींना नुसतं 'मामा' एवढंच ठाऊक. माझ्या नऊ वर्षांत त्या पानाला कावळा एकदाही शिवला नाही. आई म्हणे, अण्णाची काहीतरी इच्छा राहिली आहे. मी म्हणे, वडे कडक झालेत.

असं सगळं सुरळीत चाललं असताना कलघटगीकडची लोणीवाली एका गुरुवारी आमच्या कट्ट्यावर टेकली आणि आईच्या तोंडाकडे टक लावून बसली. आईनं विचारलं, काय ग बघतेस. तर ती सांगू लागली की मिशनच्या वाड्यातही ती लोणी घालते, तिथं या पावसाळ्यात एक नवे मास्तर राहायला आलेत. "अक्का, तोंड तुमचंच. नुसत्या मिशा चिकटवल्यात." आणि म्हणाली, उजवा कान वरती उंदरानं कुरतडल्यासारखा आहे.

आईनं लोणी घेतलं, पैसे दिले, आत गेली. त्या रात्री तिनं स्वतःच्या पानात भात वाढून घेतला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी विचारलं तेव्हा कळलं. जिवंत माणसाच्या नावानं तीळपाणी सोडलं तर त्याच्या आयुष्यातला एक घोट सोडणाऱ्याच्या घशाखाली जातो, असं तिनं लहानपणी कुठंतरी ऐकलेलं. वर्षं किती झाली ते ती बोटांवर मोजत बसली होती. तिथी आता आठ दिवसांवर आली होती. तो आहे की नाही ते कळेपर्यंत भात वर्ज्य.

"तू रविवारी तिथं जा," ती म्हणाली. "असला तर असला म्हणून सांग. नसला तर नसला म्हणून सांग. पण डोळ्यांनी बघून सांग."

मी एका शाळेत मास्तर होतो. शाळेचे चालक असे की त्यांची सावलीसुद्धा सोवळ्यात पडायची. मी मिशनच्या वाड्यात घरोघर चौकशी करत हिंडलो असतो, तर दुपारपर्यंत मीही बाटल्याची बातमी रायापूरपर्यंत जाऊन परत आली असती. रविवार बरा. सगळे एका छपराखाली सापडतात, आणि धुकं असतं.

धुकं त्या दिवशी होतंच. कार्तिक संपत आला होता. इतकं दाट की मी कानाला मफलर गुंडाळला तेव्हा त्यात पावशेर धुकं गुंडाळलं गेलं. देवळाचा मनोरा दिसेना. आतून पायपेटीचा आवाज येत होता. एखादा अजस्र प्राणी झोपेत श्वास घ्यावा तसा, वर जाणारा आणि खाली येणारा.

पहिल्यांदा जाणाऱ्यानं एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपलं देवळात शिरणं वेगळं. आपला हात उंबऱ्यापाशी आपोआप वर जातो. मी चपला काढल्या आणि बघतो तर बाकीच्यांच्या पायांत बूट तसेच. तेवढ्यानं गांगरलो. दारातून आत पाऊल टाकलं, तर डोक्यावर मनोऱ्यातून एक जाड दोरी खाली लोंबत होती. देवळात आलो, घंटा आहे, वाजवायला हवी. मी दोरी धरली आणि ओढली.

एकच टोला पडला. तो अजून पडतो आहे असं मला कधीकधी वाटतं. हुबळीच्या रेल्वे कारखान्याचा भोंगा त्यापुढं पिपाणी.

पायपेटी थांबली. शे-दीडशे माना एकदम वळल्या. कुणाच्याही चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं. ती माणसं माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या खांद्यावरून मागं, उघड्या दाराकडे बघत होती. माझ्याबरोबर आणखी कोण आत आलं, हे पाहत असल्यासारखी. मीही वळून पाहिलं. दारात धुकं होतं आणि ते थोडं आत आलं होतं.

देवळाची व्यवस्था पाहणाऱ्यांना तिथं पंच म्हणतात. त्यांतले एक उंच, वाळलेले गृहस्थ माझ्यापाशी आले. काळा कोट गळ्यापर्यंत बंद. हळूच कानडीत त्यांनी विचारलं, टोला कुणाच्या नावाचा. मला काही कळलं नाही. तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. वर्षातून हा एक रविवार मेलेल्यांचा. आज घंटा इतर कशासाठीही वाजत नाही. ज्याचं माणूस गेलं असेल त्यानं चिठ्ठीवर नाव द्यायचं. पाद्रीसाहेब नाव वाचतात, एक टोला पडतो, आणि नाव देणारा तो टोला विरेपर्यंत उभा राहतो. यंदाचंच मरण असायला हवं असं नाही. जुनंही चालतं.

मी माफी मागितली, चुकून झालं म्हणालो. त्यांनी मान हलवली. हातात कागदाचा तुकडा आणि पेन्सील तयार होती.

"टोला पडलाय," ते म्हणाले. "तो रिकामा ठेवू नये. नाव सांगा."

आता माझी मेलेली माणसं म्हणजे वडील आणि आजोबा. त्यांची नावं तिथं वाचली गेली असती, तर दोघंही स्वर्गातून उतरून माझा कान धरून घरी घेऊन गेले असते. उरला एक. जिभेला सवय होती. मी मामांचं जुनं नाव, वडलांचं नाव, आडनाव आणि गाव एका दमात सांगून टाकलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि चिठ्ठी नेऊन पाद्रीसाहेबांच्या पुढच्या गठ्ठ्याखाली सरकवली. मगच माझ्या डोक्यात उजेड पडला की ज्याला जिवंत शोधायला आलो, त्याची मेल्याची वर्दी मीच देऊन बसलो.

मला शेवटच्या बाकावर बसवलं. पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे, साऱ्या पांढऱ्या पातळांत. समोर भिंत, भिंतीवर लाकडी क्रूस, आणि बाकी काही नाही. मूर्ती नाही, समई नाही, गाभारा नाही. आपल्या डोळ्यांना समोर कुणीतरी बघणारं लागतं. तिथं तसं कुणी नसल्यामुळे आपल्याला चहूकडून कुणीतरी बघतंय असं वाटत राहतं. शेवंतीचा वास कोंडला होता. नव्या माणसाला बसायचं केव्हा आणि उठायचं केव्हा हे मुळीच कळत नाही. माझ्या शेजारी एक म्हातारे शेतकरी होते. सगळे उठले की ते माझा कोट वर ओढत आणि "एळ्रि" म्हणत, सगळे बसले की खाली ओढत आणि "कूडरि" म्हणत. मी एकूण चाळीस वेळा उठलो आणि एकेचाळीस वेळा बसलो. गाणी कानडी, चाली कुठल्या थंड मुलखातल्या. शेवटचा सूर लोक सोडतच नव्हते. तो छपराशी जाऊन कौलांखाली वटवाघळासारखा लटकायचा.

या साऱ्यात मी कान तपासत होतो. उजवे कान. पाठमोऱ्या माणसांचे कान इतके नीट मी आयुष्यात कधी पाहिले नाहीत. सुपासारखे, शिंपल्यासारखे, केसाळ, पातळ. पण बऱ्याच जणांनी थंडीनं माझ्यासारखेच मफलर बांधले होते.

मग नावं सुरू झाली.

पाद्रीसाहेब आपलेच, इकडचे, आवाज मऊ. ते नाव वाचत, थांबत. मागं दोरी करकरे. टोला पडे. कुठंतरी एक माणूस उभा राही, आणि टोला हवेत विरेपर्यंत कुणी श्वास घेत नसे. पुढचं नाव. एकदा एक बाई उभी राहिली, तिच्या कडेवरचं मूल टोल्याच्या आवाजाकडे हात करून हसलं. एकदा कुणीच उभं राहिलं नाही. पाद्रीसाहेबांनी थोडी वाट पाहिली, मग साऱ्यांनाच उठायची खूण केली. आम्ही त्या बेवारशी नावासाठी उभे राहिलो. माझ्या मणक्यातून मुंग्यांची वारूळभर रांग चालत गेली.

आणि त्यानंतर त्यांनी माझ्या आईचं नाव वाचलं.

माहेरचं. पहिलं नाव, आजोबांचं नाव, आडनाव, गाव. एक अक्षर इकडचं तिकडं नाही. वय वर्षं अकरा.

दोरी करकरली, टोला पडला. मला पहिल्यांदा एवढंच सुचलं की मी घरातून निघालो तेव्हा ती अंगणात सडा घालत होती, आणि मी वळून पाहिलं तेव्हा धुक्यात तिचे फक्त हात दिसत होते. तीन दिवस पोटात भात नसलेली बाई. ती सकाळी सडाच घालत होती ना, की मला तसं वाटलं. हातपाय इतके गार पडले की बाकाचं लाकूड मला उबदार लागलं.

चार बाक पुढं एक माणूस उभा राहिला. पन्नाशी उलटलेला, पांढरा कोट, धोतर. त्यानं मफलर सोडला, चष्मा काढला आणि सोग्यानं काचा पुसू लागला. उजव्या कानाचा वरचा कोपरा नव्हता.

टोला विरला. ते बसायला खाली वाकले, एवढ्यात पाद्रीसाहेबांनी पुढची चिठ्ठी उचलली. मामांचं जुनं नाव, आजोबांचं नाव, तेच आडनाव, तेच गाव.

मामा अर्धे वाकलेले तसेच राहिले.

टोला पडला. आता नाव देणाऱ्यानं उभं राहायचं असतं. शेजारच्या म्हाताऱ्यांनी सवयीनं कोट वर ओढला आणि मी उभा राहिलो. मामा हळूहळू वळले. पस्तीस वर्षांत ज्या नावानं त्यांना कुणी हाक मारली नव्हती, त्या नावाची घंटा वाजत होती, आणि मागं धुक्याच्या दारापाशी एक तरुण उभा होता. त्याचं तोंड हुबेहूब त्यांच्या मेलेल्या बहिणीचं. माझं तोंड आईवर गेलंय, हे सगळं गाव सांगतं. त्यांच्या हातातून चष्मा पडला. तो फरशीवर पडल्याचा आवाज मला ऐकू आला, म्हणजे टोला एव्हाना थांबला होता. आम्ही दोघंही उभेच होतो.

सभा सुटल्यावर मी बाहेर शिरीषाच्या झाडाखाली थांबलो. ते आले, पण चार हातांवर उभे राहिले. आधी कानडीत विचारलं, कोण रे बाबा तू. मी मराठीत सांगितलं, तुमच्या बहिणीचा मुलगा. मग ते मराठीत बोलू लागले. ते मराठी विशीतल्या पोराचं होतं. पस्तीस वर्षं पेटीत घडी घालून ठेवलेलं, घड्यांच्या खुणांसकट.

"ती अकराव्या वर्षी गेली," ते म्हणाले. "तिला मुलगा कुठला?"

"कोण म्हणालं गेली?"

"वडलांचं, अप्पांचं कार्ड होतं. प्लेगनं गेली, आता तुला या घरी येण्याचं कारण उरलं नाही. एवढंच."

मी सांगितलं की ती घरी आहे आणि तीन दिवस जेवलेली नाही. त्यांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि विचारलं, "आणि मी? मी कशानं गेलो?"

"तुम्हीसुद्धा प्लेगनंच."

यावर ते हसले असते तर मी जन्मभर हसत ही गोष्ट सांगितली असती. ते हसले नाहीत. त्यांनी चिरलेल्या कानाला हात लावला, दुखतोय का पाहावं तसा.

घरी येतो म्हणाले. पण माझ्याबरोबर चालेनात. मी पुढं, ते दहा पावलं मागं. मी थांबलो की तेही थांबत. वाटेत उतारावर धुकं आणखी दाट झालं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मला एकदम शंका आली की आपण वळून बघू आणि मागं कुणी नसेल. मी त्यांची सावली शोधली. सावली नव्हती. मग माझी शोधली. तीही नव्हती. ऊनच नव्हतं म्हणा, पण हे डोक्याला पटतं, पोटाला पटत नाही. पुढं कधीतरी मामांनी कबूल केलं की त्यांची अवस्था याहून वाईट होती. घंटा त्यांच्याच नावाची वाजली होती, आणि बहिणीच्या तोंडाचा कुणीतरी त्यांना धुक्यातून घरी न्यायला आला होता. ते आपण मेलो असं धरूनच चालत होते. "फक्त इतकं लांब असेल असं वाटलं नव्हतं," ते म्हणाले.

आई दारात उभी होती. मी अंगणात आलो, बाजूला झालो. माझ्या पाठीमागं धुक्यातून मामा आले आणि तुळशीपाशी थबकले. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मधे सड्याची जमीन अजून ओली होती.

"पाय दाखव," आई म्हणाली.

मी म्हणालो, आई, हे काय. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भुताचे पाय उलटे असतात, टाचा पुढं, हे शेंबडं पोरही जाणतं. मामा तिथंच ओल्या जमिनीवर बसले, बुटाच्या नाड्या सोडल्या, मोजे काढले आणि दोन्ही पाय तिच्यासमोर लांब केले, लहान मुलानं करावेत तसे. आई पायऱ्या उतरून आली. वाकून तिनं बोटं पाहिली, टाचा पाहिल्या.

मग मामा म्हणाले, "आता तुझे."

आईनं पातळाचा काठ वीतभर उचलला. मामांचा चष्मा फुटला होता, त्यांना नीट दिसेना, म्हणून त्यांनी जमिनीला जवळजवळ नाक लावून तिचे पाय पाहिले. बराच वेळ पाहिले. उठले तेव्हा कपाळाला शेणसडा लागला होता.

"आत ये, अण्णा."

ते उंबऱ्यापाशी अडले. आपण बाटलेले, म्हणाले. कट्ट्यावर बसतो, शेजारीपाजारी काय म्हणतील, पोराची नोकरी आहे. आई तोवर आत गेली होती. आतूनच बोलली.

"मेलेल्या माणसाला कसली जात आलीय. ये म्हटलं ना."

चूल पेटवायला तिला सहा काड्या लागल्या. तांदूळ धुताना निम्मे मोरीत गेले. मी केळीचं पान आणायला परसात गेलो आणि आलो तेव्हा मामा स्वैपाकघराच्या भिंतीला टेकून बसले होते, अनवाणी. वाफ येत होती. मी तिघांची पानं मांडली. आईनं आधी त्यांना वाढलं आणि हात थांबवून बसली. त्यांनी पहिला घास तोंडात घातला, तो त्यांच्या गळ्यातून खाली उतरताना तिनं पाहिला, मग दुसरा पाहिला. तिसऱ्या घासाला तिनं स्वतःच्या पानात भात घेतला.

भात कच्चा होता, मधे पांढरी कणी राहिलेली. तिघांनी सगळा संपवला.